स्पोर्ट बाइकच्या आरशात मागचा रस्ता सोडून कोपरच दिसत असेल तर
पुढे वाकून बसलं की फेअरिंगवरच्या (पुढच्या प्लास्टिक आवरणावरच्या) दोन्ही आरशांत निम्मी जागा जॅकेटच्या बाहीचीच. ताम्हिणी घाटात मागची गाडी हॉर्न वाजेपर्यंत कळायची नाही, जीव टांगणीला लागायचा.

काच बाहेर वळवली तर मागचा रस्ता जातो. चिकटवायच्या गोल बहिर्वक्र आरशांत गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. हँडलच्या टोकाचे आरसे गर्दीत रिक्षांना घासतात.

चाललं ते ४० मिमीचे ॲल्युमिनियम स्पेसर, म्हणजे आरसा आणि फेअरिंग यांच्यामध्ये बसून आरसा बाहेर सरकवणारे ठोकळे. गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून गाडी सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) घ्या. आरशात इंडिकेटर असेल तर कनेक्टर आधी सोडवा. आरसा हाताने धरून आतले नट काढा. मग फेअरिंग, मूळ रबर, स्पेसर, आरसा या क्रमाने बसवा. बोल्ट त्याच जाडीचे आणि आट्याचे, फक्त ४० मिमी जास्त लांब; नट नायलॉन लॉकवाले, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारे. दोन्ही नट आलटून पालटून, रबर जेमतेम दबेल इतकेच आवळा. जास्त आवळलं तर फेअरिंग तडकते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणली जात नाही ना, तेही बघा.

सेटिंग जॅकेट-हेल्मेट घालून, चालवतानाच्या बैठकीतच करा: क्षितिज काचेच्या मध्यावर, आतल्या कडेला बाहीची बारीक पट्टी. लेन बदलताना मान मी आजही वळवतोच, पण मागचा ट्रक आता वळणाआधीच पूर्ण दिसतो.