अतिरिक्त सरकारी जमिनीचे काम: इस्टेट विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

सरकारी उपक्रमाच्या इस्टेट विभागात रुजू झाल्यावर वापरात नसलेल्या जमिनींची यादी लवकरच हाती येते आणि बहुतेकांची नजर प्रथम क्षेत्रफळावर व रेडीरेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या) दरावर जाते. माझ्या अनुभवाने दर सर्वांत शेवटी पाहावा. ती जमीन कोणाकडून, कशासाठी आणि कोणत्या अटींवर मिळाली हे आधी शोधावे, कारण तिचे पुढे काय करता येईल हे त्यावरच ठरते.

जमीन संपादित असेल, तर निवाडा (संपादित क्षेत्र व मोबदला ठरवणारा आदेश), ताबा पावती, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातील बदलाची भूमी अभिलेखातील नोंद) मिळवल्याशिवाय प्रस्ताव लिहायला बसू नये. मोबदला दिला गेला, कुंपणही घातले गेले, पण फेरफार (सातबाऱ्यावर मालकीबदलाची नोंद) झालाच नाही, अशी प्रकरणे पुष्कळ आढळतात. सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते, पुढे वारसनोंद होते आणि कधी तेच क्षेत्र तिसऱ्याला विकलेलेही असते. मी हाताळलेल्या एका प्रकरणात निवाडा, सातबारा आणि नकाशा यांत तीन निरनिराळी क्षेत्रे होती. मोजणीच्या दिवशी बाभळीच्या झुडपांतून हद्दीचे दगड मोकळे केले, तेव्हा शेजारचा बांध बराच आत सरकलेला दिसला. तेव्हापासून भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी असेल त्या दिवशी मी स्वतः जागेवर हजर असतो; नवीन सहकाऱ्यांनीही हे काम शिपायावर सोपवू नये.

जमीन रिकामी दिसली म्हणून ती विक्रीयोग्य ठरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ नुसार, त्या कायद्याखाली घेतलेली जमीन ताब्यानंतर पाच वर्षे वापराविना राहिल्यास मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेला (पडून असलेल्या जमिनी पुन्हा वापरात आणणाऱ्या संस्थेला) परत जाते. १८९४ च्या जुन्या कायद्याखालील जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केरळच्या एका प्रकरणात वेगळी दिशा दिली: अशी जमीन अन्य सार्वजनिक कामासाठी वापरावी, अन्यथा तिचा जाहीर लिलाव करावा. एखाद्या कुटुंबाने सार्वजनिक कामासाठी शेत सोडलेले असते, त्यामुळे खासगी वाटाघाटीतून तीच जमीन कोणाला देणे मला कधीच मान्य झालेले नाही.

केंद्रीय उपक्रमांच्या अतिरिक्त जमिनींसाठी मार्च २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने नॅशनल लँड मॉनेटायझेशन कॉर्पोरेशनला (अशा जमिनींतून पैसा उभा करण्यासाठीच्या सरकारी कंपनीला) मंजुरी दिली. तरीही कागदांची जुळवाजुळव मूळ उपक्रमालाच करावी लागते.

प्रस्तावात दुसऱ्या शासकीय खात्याची गरज, विकास आराखड्यातील आरक्षण आणि भाडेपट्ट्याचा पर्याय हे सारे विक्रीच्या आधी तपासलेले दिसले पाहिजे. भाडेपट्ट्यात मालकी हातात राहते, म्हणून शहरालगतच्या जमिनींना मी तोच पर्याय आधी सुचवतो. मात्र नूतनीकरणाची तारीख आणि भाडेवाढीचे सूत्र करारात स्पष्ट नसेल, तर काही दशकांनी आपलीच जमीन परत मिळवण्यासाठी आपल्याला न्यायालयात उभे राहावे लागते.

विक्री झालीच, तर ताबा देताना पंचनाम्यात झाडे, विहीर, वीजजोडणी आणि चारही हद्दी नोंदवाव्यात, आणि त्याच आठवड्यात आपल्या मालमत्ता नोंदवहीतून ते क्षेत्र कमी करून घ्यावे.