मृग ते हस्त: मुंबईतल्या घरच्या कोरल टाकीसाठी पावसाळी सल्ला

मे महिन्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळणारा प्रत्येक जण सावध असतो. टाकीवर पंखा लावतो, खिडकीला जाड पडदा लावतो, दिवसातून चारदा थर्मामीटर बघतो. मृगाचा पाऊस आला, अंगाला गारवा लागला की हे लक्ष सुटतं. त्यामुळे मुंबईत कितीतरी टाक्यांमधली कोरलं मे महिना निभावतात आणि जुलैत फिकी पडतात. माझ्या दोनशे लिटरच्या टाकीतलं पहिलं लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल) असंच गेलं. बाहेर चार दिवस झड लागलेली, रात्री चादर घ्यावी लागत होती, आणि टाकीतलं पाणी होतं २९.८ अंशांवर. ते मी पाचव्या दिवशी पाहिलं.

कारण साधं आहे. पंखा पाणी थंड करतो तो पाणी उडवून. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की दोनशे लिटरच्या टाकीतून जवळजवळ तीन अंशांची उष्णता घेऊन जातं. पण जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्याच कारणाने टाकीतलं पाणीही उडत नाही. हवाच पाण्याने भरलेली असते. पंखा फिरत राहतो, आवाज करतो, थंड मात्र काही करत नाही. त्यात मोटारी आणि दिवे यांची उष्णता पाण्यातच उतरते, म्हणून खोलीत २८ अंश असले तर टाकीत ३० सहज होतात.

कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला साखर करून घालतं. पाणी बरेच दिवस जास्त तापलं की या शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होऊ लागतात आणि कोरल आपल्याच अन्नदात्याला बाहेर टाकतं. मागे उरतो पांढरा किंवा पारदर्शक देह. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. समुद्रात आपण काही करू शकत नाही, टाकीत करू शकतो.

तापमान २५ ते २७ अंशांत ठेवावं. आकड्यापेक्षा स्थिरपणा मोलाचा. दिवसरात्र २७.५ वर असलेली टाकी ही दुपारी २९ आणि पहाटे २५ अशा झोके खाणाऱ्या टाकीपेक्षा चांगली. माझं स्पष्ट मत असं, की मुंबईत चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, कोरल ठेवू नये. पैसे साठवायचे असतील तर आधी चिलरसाठी साठवावेत, कोरल नंतर आणावं. चिलर बंद कपाटात मात्र ठेवू नये. तो पाण्यातली उष्णता हवेत टाकतो, आणि ती हवा कपाटातच कोंडली तर तो स्वतःच तापून बसतो. एकाच खोलीचं घर असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे करावं. जाळीवरची धूळ दर पंधरा दिवसांनी ब्रशने काढावी.

चिलर येईपर्यंत काय? दिवे दुपारी लावण्याऐवजी संध्याकाळी पाच ते रात्री एक असे लावावेत, कोरलाला दिवस कधी उगवतो याने फरक पडत नाही. वरचं झाकण काढून जाळी लावावी. हीटरचा प्लग एप्रिलमध्येच काढून ठेवावा, कारण अडकलेल्या थर्मोस्टॅटने एका रात्रीत टाकी शिजते. पाणी फारच चढलं तर बर्फाची बंद बाटली सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या फिल्टर-टाकीत, सोडावी. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, आणि एका दिवसात दीड-दोन अंशांहून जास्त उतरवू नये.

पाणी कमी उडतं याचा दुसरा परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून आपण रोज आरओचं पाणी भरतो. मे महिन्यात पंख्याखालच्या टाकीला रोज तीन-चार लिटर लागत असेल, तर जुलैत एक लिटरही पुरतं. हाताच्या सवयीने तेवढंच ओतत राहिलात तर खारटपणा उतरत जातो. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारावी आणि रेघेपर्यंतच भरावं. खारटपणा हजाराला ३५, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६ च्या आसपास असावी. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्याने नव्हे, ३५च्या तयार द्रावणाने जुळवून घ्यावा.

काही जण टॉप-अपच्या पाण्यात, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरायच्या पाण्यात, चुन्याची निवळी घालतात, म्हणजे केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) आणि कॅल्शियम आपोआप भरत राहतं. पद्धत चांगली आहे. पण पाणी कमी उडालं की निवळीही कमी जाते, आणि टाकीचा केएच महिनाभरात हळूहळू घसरतो. मऊ, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या, कोरलांना केएचची भूक फार नसते. काचेवरचं जांभळं कोरलाइन शेवाळ, गोगलगाई, नळीतले किडे यांनाच काय ती लागते. तरी पावसाळ्यात केएच आठवड्याला मोजावा, ८ ते ९ राखावा आणि तुटवडा असेल तर रोज केएचचा अर्धा अंश याच गतीने भरून काढावा. एका झटक्यात वाढवलेला केएच हा कमी केएचपेक्षा घातक. निवळीला शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावं, पानाच्या डबीतला चुना नको.

पाणी आणि मीठ

धरणात नवं पाणी यायला लागलं की नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही वाढतो. आरओचा पहिला फिल्टर, पाच मायक्रॉनचा, जुलैत तपकिरी झालेला दिसेल. तो आणि कार्बनचा फिल्टर पावसाच्या सुरुवातीला एकदा आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा बदलावा. कार्बन थकला की क्लोरीन पुढे जाऊन मेम्ब्रेन खराब करतं. शेवटच्या रेझिननंतर (उरलेले क्षार ओढणारे दाणे) टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य यायलाच हवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर रेझिन निम्म्या वेळात संपतं, म्हणून मीटर रोज बघावा. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावं.

जुहू, मार्वे, गोराईहून समुद्राचं पाणी आणणारे लोक अजून आहेत. पावसाळ्यात तर ते आणूच नये. नाले, खाड्या आणि सांडपाणी मिसळून किनाऱ्याचं पाणी गोडसर आणि घाण झालेलं असतं. टाकीला तयार रीफ मीठच वापरावं. या दिवसांत मिठाची पिशवी उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढून दगड होतं, आणि असं गठ्ठा झालेलं मीठ भिजवल्यावर तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेलं कॅल्शियम. मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. टेस्ट किटच्या पुड्याही तांदळाच्या डब्यासारख्या कोरड्या जागी ठेवाव्यात, नाहीतर आकडे खोटे येतात आणि आपण खोट्या आकड्यांवर औषध घालत बसतो.

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, मोटार फिरवत ठेवून, तापमान आणि खारटपणा जुळवूनच ओतावं.

रंग का जातो

याचं एकच उत्तर नसतं. शेतकरी पान पिवळं पडलं की जुनं पिवळं की नवं, शिरा हिरव्या की पिवळ्या, हे आधी बघतो. तसंच इथे बघावं.

कोरल काही दिवसांत वरून पांढरं होत गेलं तर संशय तापमानावर किंवा प्रकाशावर. नवा एलईडी बसवला, काच स्वच्छ केली, वर उचलून ठेवलं, यातलं काही झालंय का ते आठवावं. मशरूम कोरलाला सावली आवडते. झोआ या बटणाएवढ्या कोरलांना आणि लेदरला मध्यम प्रकाश चालतो. प्रकाश वाढवायचा तर तीन-चार आठवड्यांत, थोडा थोडा.

कोरल पांढरं न होता सगळीकडून हळूहळू फिकट, पेस्टल होत गेलं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ असलं, तर ते उपाशी आहे. ही चूक काळजी घेणाऱ्या माणसाकडूनच होते. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य यावं म्हणून आपण स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट काढणारे खडे, सगळं एकदम लावतो. कोरलाच्या अंगातल्या शेवाळालाही खत लागतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असू द्यावं. दोन्ही शून्यावर गेले की वाळूवर डायनोफ्लॅजलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर येतो, आणि तो घालवायला महिने जातात. अशा वेळी खडे काढावेत, स्किमर काही तास बंद ठेवावा, माशांना थोडं जास्त खायला घालावं.

उलट कोरल जिवंत आहे, फुललेलं आहे, पण हिरवं-जांभळं सोडून मातकट तपकिरी झालं, तर अंगातलं शेवाळ दाटलंय. खत जास्त किंवा प्रकाश कमी. इथेही फॉस्फेट एका रात्रीत ओढून काढू नये. दोन महिने लागले तरी लागू द्यावेत.

लेदर कोरल मिटून बसलं, अंगावर मेणासारखा पापुद्रा आला, की नवा माणूस घाबरतो. ते कात टाकतंय. पाण्याचा झोत जरा वाढवावा, आठ-दहा दिवस वाट पाहावी, हाताने सोलू नये. लेदर पाण्यात सोडतं त्या रसायनांनी शेजारची कोरलं खुरटतात, म्हणून कार्बनची पिशवी महिन्याला बदलावी.

कलमं आणि खरेदी

फ्रॅग म्हणजे कोरलाचं कलमच. पण शेतात मृग ही लावणीची वेळ, टाकीत तसं नाही. कोमट पाण्यात कापलेली जखम लवकर सडते. कापाकापी नोव्हेंबरपर्यंत थांबवावी. झोआ आणि त्यांच्याच जातकुळीतलं पॅलिथोआ कापताना तर फार जपावं. यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये, चिकटलेला दगड कधीही उकळू नये, गरम पाणी किंवा वाफ मारू नये. खिडक्या बंद असलेल्या पावसाळी घरात त्या वाफेने अख्खं कुटुंब आजारी पडू शकतं.

आता कायदा. सगळी दगडी कोरलं, काळी कोरलं, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२० साली कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची कोरलं हलवायला महापालिकेलाही परवानगी घ्यावी लागली होती. ओहोटीला खडकावर दिसलेला तुकडा घरी आणू नये, आणि दुकानदार दगडी कोरल दाखवत असेल तर नाही म्हणावं. हा सल्ला मशरूम, झोआ, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार अशा मऊ कोरलांपुरताच आहे; तीही पावतीसह घ्यावीत. खडकही समुद्रातला नको, कोरडा घ्यावा. क्रॉफर्ड मार्केटहून कोरल आणायचं तर सकाळी लवकर जावं आणि पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवावी. दुपारच्या लोकलमधला तासाभराचा प्रवासही त्याला शिजवायला पुरतो.

लाईट गेली तर

गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. मोटार थांबली की आधी ऑक्सिजन संपतो, तापमान त्यानंतरचा प्रश्न. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा ज्यांच्याकडे बॅटरीवरचा हवेचा पंप होता त्यांना धावाधाव करावी लागली नाही. तो स्वस्त असतो. मृगाआधी घेऊन, चार्ज करून टाकीखाली ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक वेव्हमेकर (पाणी हलवणारी मोटार) जोडावा, चिलर नको.

टाकीच्या कडेवर आणि वायरींवर साचणारं मीठ पावसाळ्यात ओलं होऊन वीज वाहून नेतं. प्रत्येक वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोका देऊन मगच वर न्यावी, म्हणजे थेंब खालीच गळतो. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी तो बसवावा. हात पाण्यात घालण्यापूर्वी बटण बंद.

डासांची धूर फवारणी सोसायटीत आली की खिडक्या लावाव्यात आणि हवेचा पंप व स्किमर तासभर बंद ठेवावेत. ते बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात. त्या औषधाने कोळंबी आणि खेकडे माशांच्या आधी मरतात. टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नये.

गणपतीला गावी जाताना

शेजाऱ्यांवर टाकी सोपवून कोकणात जाणाऱ्यांनी निघण्याच्या आठवड्यात काहीही नवं करू नये. नवं कोरल, नवा मासा, नवा दिवा, सगळं परत आल्यावर. खाणं दिवसाच्या पुड्या बांधून द्यावं आणि डबा कपाटात कुलपात ठेवावा, कारण प्रेमापोटी जास्त घातलं जातं. टॉप-अपच्या पाण्याचे कॅन भरून त्यावर तारीख लिहावी. शेजारच्या काकूंना एकच काम सांगावं: रोज संध्याकाळी थर्मामीटरचा फोटो पाठवा. २९ दिसलं तर काय करायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला चिकटवावं.

हस्ताच्या शेवटी पाऊस ओसरतो, ऊन चटकतं आणि हवा कोरडी होऊ लागते. टाकीला पाणी पुन्हा जास्त लागतं. सम्पवरच्या रेघेकडे आता उलट्या बाजूने लक्ष ठेवावं. पावसाळ्यात निवळी वाढवली असेल तर ती या पंधरवड्यात टप्प्याटप्प्याने कमी करावी, चिलरची जाळी धुवावी आणि दिवाळीच्या रंगकामाची तारीख ठरवताना टाकीची खोली शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून, अशी सांगून ठेवावी.