घरच्या कॉम्प्युटरवर महाकाय मूळ संख्यांचा शोध: कोकणात राहणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर 2024 मध्ये एक मूळ संख्या सापडली: 2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत. ती शोधली ल्यूक ड्युरांट यांनी, जिम्प्स (ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च) या मोहिमेत. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या या मोहिमेत कोणीही आपला कॉम्प्युटर लावू शकतो. रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनच्या घरातूनही हे काम होतं, फक्त आपल्याकडची वीज आणि खारी हवा लक्षात घेऊन मांडणी करावी लागते.

आधी उद्देश नीट समजून घ्या. बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षेसाठी या संख्या लागतात हा समज चुकीचा आहे. तिथे काही शे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या क्षणात मिळतात. खरी कारणं वेगळी आहेत. 2 चा घात वजा 1 अशा रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. आजवर अशा 52 माहीत झाल्या आहेत, पण त्या अनंत आहेत की नाहीत हे कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. त्या कुठे आणि किती विरळ सापडतात याचे अंदाज तपासायचे तर एकेक घातांक तपासावाच लागतो. म्हणून 'ही संख्या मूळ नाही' हे उत्तरही पक्कं ज्ञानच असतं. दुसरं कारण यंत्रांचं. 1994 मध्ये गणितज्ञ थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर (11 आणि 13 सारख्या, दोनच्या फरकाच्या) आकडेमोड करत होते, तेव्हा पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातला दोष उघड झाला. 2016 मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधली चूक याच मोहिमेच्या प्राइम95 सॉफ्टवेअरने पकडली. इतका अचूक आणि अखंड ताण प्रोसेसरला दुसरं क्वचितच काही देतं.

सॉफ्टवेअर उतरवण्यापूर्वी एक चाचणी वहीवर करून बघा. 127 म्हणजे 2 चा 7 वा घात वजा 1. सुरुवात 4 ने करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, 2 वजा करा आणि 127 ने भागून बाकी ठेवा: 4, 14, 67, 42, 111, 0. घातांक 7, म्हणून 7 वजा 2 म्हणजे 5 पायऱ्या, आणि शेवटी शून्य आलं, म्हणून 127 मूळ. ही लुकास-लेहमर चाचणी. एका पायरीत एका अंकाची चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं, आणि 13 कोटींच्या घातांकाला पायऱ्याही जवळपास तेवढ्याच लागतात. स्थिर यंत्राचा एवढा आग्रह का, ते इथे कळतं.

आता यंत्र. 64 बिटचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि चांगला कूलर असलेला डेस्कटॉप घ्या. लॅपटॉप रात्रंदिवस तापवू नका. विंडोजवर प्राइम95, लिनक्सवर एमप्राइम, दोन्ही मर्सेन डॉट ऑर्गवर फुकट मिळतात. पहिल्यांदा 'टॉर्चर टेस्ट'मधला 'ब्लेंड' पर्याय निवडून पूर्ण 24 तास चालवा. एकही एरर आली तर खरं काम घेऊ नका. बहुतेक वेळा दोष रॅमचा, नाहीतर उष्णतेचा असतो. रॅमची एकेक पट्टी काढून चाचणी पुन्हा घ्या. तापमान 80 अंशांच्या आत राहायला हवं. मे महिन्यात ते जमत नसेल तर एखादा कोअर कमी लावा.

समुद्राकडच्या खिडकीजवळ कॉम्प्युटर ठेवू नका. खाऱ्या दमट हवेने कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि रॅमचे संपर्क काळवंडले की कारण न कळता एरर येऊ लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून धूळ ब्रशने काढा, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात चालू मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. महिनाभर बंद ठेवलेलंच जास्त दमट होतं.

विजेचं मात्र मनावर घ्या. कातळावर घर असेल तर अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे ना, ते बघा आणि वरचेवर पाणी घाला. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, आणि ब्रॉडबँडची तारही काढा, कारण विजेची लाट तिथूनही येते. 600 व्हीएचा यूपीएस पुरे. त्याच्यावर काम चालू ठेवायचं नसतं, नीट बंद करण्यापुरती सवड मिळवायची असते. 'प्रेफरन्सेस'मध्ये डिस्कवर नोंद करायचं अंतर 10 मिनिटांवर आणा, म्हणजे लाइट गेली तरी 10 मिनिटांचंच काम बुडेल.

मशीन 100 वॅट ओढत असेल तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. बिलाचा टप्पा 100 युनिटच्या वर गेला की दर वाढतो, तेव्हा आधी घरचा वापर बघा. रात्रीच चालवलं तरी चालतं.

पहिलं काम 'डबल चेक'चं मागा. त्यात दुसऱ्या कोणीतरी आधी केलेली चाचणी तुमचं मशीन पुन्हा करतं. शेवटच्या बाकीचा अखेरचा भाग 16 चिन्हांत नोंदला जातो. तो आधीच्या निकालाशी जुळला तर मशीन विश्वासार्ह. नंतर पहिल्या चाचण्या, म्हणजे आधी कोणी न तपासलेले घातांक, घ्या. स्क्रीनवर एका पायरीला लागणारे मिलिसेकंद दिसतात. 5 असतील तर 13 कोटी पायऱ्यांना साडेसात दिवस लागतील. ही पहिली चाचणी लुकास-लेहमर नसून पीआरपी ('प्रोबेबल प्राइम', म्हणजे बहुधा मूळ) असते. तिच्यातली गर्बिच नावाची तपासणी मधूनमधून चूक पकडते आणि काम मागच्या बरोबर टप्प्यावर नेते. चाचणी बरोबर झाल्याच्या पुराव्यासाठी डिस्कवर 4-5 जीबी मोकळी ठेवा. शेवटी पुराव्याची साधारण 150 एमबीची फाइल पाठवायची असते, तेव्हा मोबाइलच्या डेटावर असाल तर पॅक बघून घ्या.

मूळ संख्या सापडण्याची शक्यता एका चाचणीमागे लाखात एकाहूनही कमी असते. तरी 'प्रोबेबल प्राइम' दिसलंच तर काही बंद करू नका, फाइल पुसू नका, कोणाला कळवू नका. निकाल सर्व्हरकडे आपोआप जातो. 2024 ची संख्या 11 ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स कार्डावर अशीच 'बहुधा मूळ' दिसली. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या वेगळ्या कार्डावर लुकास-लेहमर चाचणीत शून्य आलं, तेव्हा ती मूळ ठरली.