वांगासाठी पील: संत्री आली की सुरू, होळीआधी बंद

दुसऱ्या बाळंतपणात माझ्या गालांवर वांग उठले. मुलगा आता नववीत आहे आणि वांग आहेतच, फक्त फिकट. नागपुरात नंदनवनला माझी मेस आहे. सकाळी गॅसपुढे दोनशे पोळ्या, मग बाराच्या उन्हात अॅक्टिव्हावर डबे. वांग वाढायला ऊन लागतं तशी नुसती धगही पुरते, हे मला फार उशिरा कळलं.

आधी माझी चूक. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून ऐन एप्रिलमध्ये एका पार्लरमध्ये पील करून घेतलं, म्हणजे अॅसिड लावून चेहऱ्याचा वरचा पापुद्रा काढून घेतला. बाटलीत काय आहे, किती टक्के आहे, काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी डबे घेऊन उन्हात. पंधरा दिवसांत जुन्या वांगांवर नवा काळा पट्टा! लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी मान वळवून उभी आहे.

तेव्हा डाग कशाचा आहे, हे आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत ओपीडी आहे. (मेडिकल म्हणजे मोठा दवाखाना, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान नव्हे. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावलं तर चेहऱ्याची त्वचा पातळ, लाल होते.) प्रत्येक काळा डाग वांग नसतो. हेअर डायच्या अॅलर्जीनंही चेहरा काळवंडतो, आणि मग पील करून काय होणार? गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, ओठावर वारंवार येणारी जर (बारीक फोड), अॅस्पिरिनची अॅलर्जी, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, यातलं काही असेल तर न विचारता सांगा.

आता वेळापत्रक. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात, तेव्हा तयारी सुरू करा. दोन ते चार आठवडे डॉक्टरांनी दिलेली क्रीम रात्री आणि सनस्क्रीन दिवसा. ही तयारी टाळली की पीलनंतर डाग पडायची भीती वाढते. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक, अशी मला पाच पील झाली. शेवटचं होळीच्या आधी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सोललेला चेहरा घेऊन कुठं जाल?

सासूबाईंना हे काही पटेना. "काहून वं चेहरा जाळून घेतं? संत्र्याचे सालं लाव ना." वाळलेली साल घासून त्वचा खरवडली जाते, आणि आपल्या रंगाची त्वचा खरवडली की काळीच पडते. सासूबाईंना मात्र मी एवढंच म्हटलं, हो लावते.

माझं पील ग्लायकोलिक अॅसिडचं होतं, ३५ टक्क्यांचं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांना व्हॅसलीन, मग कपाळापासून ब्रश. मुंग्या चावल्यासारखं होतं. डॉक्टरांचं लक्ष घड्याळावर कमी, माझ्या गालावर जास्त. पोळी कधी उलटायची हे घड्याळ बघून ठरतं का? लाली दिसताच खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून अॅसिडचा जोर मारला. सॅलिसिलिक अॅसिडच्या पीलला ते लागत नाही, त्याचा पांढरा थर बसतो. पुढचे चार-पाच दिवस पापुद्रा निघतो. तो नखानं ओढायचा नाही. आठवडाभर आधी आणि नंतर ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद. मी ते दिवस तव्यापुढे बहिणीला उभं केलं.

लेझरचं मी विचारलं होतं. वांगासाठी ते पहिला उपाय नाही, असं उत्तर मिळालं. मारलंच तर क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं लेझर, कमी ताकदीनं, तेही क्रीम आणि पीलनं भागलं नाही तरच. थांबवलं की वांग परत उठू शकतात, आणि फार वेळा मारलं तर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके पडतात. डोळ्याभोवती निळसर-राखाडी ओटाचा डाग (जन्मखुणेसारखा, वांगापेक्षा वेगळा) असेल त्याला मात्र हेच लेझर चांगलं लागू पडतं. "पाच सिटिंगचं पॅकेज, डाग कायमचे गायब" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

आणि स्कार्फ. नागपुरात आपण सगळ्याच बांधतो, पण पातळ कापडातून उजेड जातोच. आत आयर्न ऑक्साइडचं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लावा, दोन बोटं भरून, आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. स्कार्फ आतून पिवळट होतो, म्हणून गडद रंगाचा घ्या.