कूलर पारखायचा तर आधी उलटा करा

मे महिन्यात ठाण्यातल्या बिनएसीच्या खोलीत दुपारी पारा सहज ३३-३४ वर असतो. परदेशातल्या एखाद्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत कम्प्युटरचा प्रोसेसर ७० वर थांबला असेल, तर त्याच भाराला इथे ८२ च्या आसपास दिसणार. म्हणून प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर पारखताना त्याच्या खोक्यावरचे वॉट सोडा. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर जातो, तेवढंच बघा.

पहिली तपासणी तळाची. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघा. कडांना फट दिसली तर घाबरू नका. एलजीए १७०० या सॉकेटची (इंटेलचे प्रोसेसर बसतात ती मदरबोर्डवरची जागा) पकड प्रोसेसरचं झाकण मधोमध किंचित खाली वाकवते, त्यामुळे मध्ये जरासा फुगीर तळ तिथे उलट चांगला बसतो. फट मध्यभागी असेल तर मात्र कूलर परत करा. खात्रीसाठी प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट (उष्णता वाहणारा लेप) लावून कूलर घट्ट बसवा, लगेच काढा आणि ठसा बघा: मध्ये पातळ, कडांकडे जाड हवा.

हीटपाइप, म्हणजे तळातली उष्णता वर पत्र्यांकडे नेणाऱ्या नळ्या, मोजून भुलू नका. ज्या कूलरात पाइप थेट प्रोसेसरला टेकतात, तिथे कडेचे दोन बऱ्याचदा झाकणाखालच्या चिपच्या बाहेर पडतात आणि जवळपास रिकामे बसतात. निकेलचा मुलामा दिलेला अखंड तांब्याचा तळ उष्णता सगळ्या पाइपांत वाटतो. पाइपमध्ये थोडं पाणी असतं. त्याची वाफ वर जाते, थंड होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून पाणी परत येतं. त्यामुळे फार चपटा केलेला किंवा झटकन वळवलेला पाइप कमी उष्णता वाहतो.

पाइपांवर ओवलेला पातळ पत्रा बोटाने हलवून बघा. पाइपवर सैल हलला, तर उष्णता तिथेच अडते. घोडबंदर रोडची बांधकामं किंवा रबाळे-महापे एमआयडीसी जवळ असेल तर पत्र्यांत २ मिमी अंतर बरं. दाट पत्र्यांत धूळ लवकर साचून नमदा करते, आणि पंखाही जास्त दाबाचा लागतो.

कूलर मदरबोर्डला बांधणाऱ्या कंसाकडे बहुतेक जण बघतच नाहीत. आधीच्या एलजीए १२०० सॉकेटची भोकं ७५ मिमीवर, १७०० ची ७८ वर, शिवाय नव्याची उंचीही थोडी कमी. दोन्हींना चालणारा लांबट भोकांचा जुगाडू कंस बसतो खरा, पण दाब अपुरा पडतो. स्प्रिंगचे स्क्रू हवेत, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आलटून-पालटून दोन-दोन फेरे कसावेत. कॅबिनेटमधली उंचीही आधी मोजा; १५५-१६० मिमीचे उभे टॉवर कूलर लहान कॅबिनेटात काचेला टेकतात.

आता चाचणी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा १०० वॉटवर बांधा, पंखा मिनिटाला १००० फेऱ्यांवर स्थिर ठेवा, २० मिनिटं पूर्ण भार द्या. थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी. प्रोसेसर ७३, जाळीपाशी ३३, तर फरक ४०, म्हणजे वॉटमागे ०.४ अंश. ही तुलना एकाच प्रोसेसरवर करा. चिप बदलली की आकडा बदलतो. वीजमर्यादा न बांधता एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे मोठे प्रोसेसर तपासाल तर फसाल: ते मुद्दाम ९५ अंशांपर्यंत चढतात, बरेच कूलर सारखेच दिसतात.

मग पंखा १५०० वर न्या. फरक जेमतेम एक-दोन अंशांनी उतरला तर अडचण तळात किंवा दाबात आहे, पेस्टचा ठसा पुन्हा बघा. सहा-सात अंशांनी उतरला तर तळ ठीक आहे, पत्र्यांना हवा कमी पडत होती.