कर्नलमधलं हाताने लिहिलेलं असेंब्ली कसं तपासायचं

"डिसअसेंबल करून नीट वाचा" असा सल्ला देणाऱ्याने स्वतः हे काम कधी केलेलं नसतं, असं माझं ठाम मत झालंय. नुसतं वाचून काय सापडणार, प्रत्येक ओळ सुटी बघितली तर बरोबरच दिसते. खाली जे आहे ते एक्स86-64 वरच्या लिनक्सचं आहे. कर्नल बिल्ड करता येतो आणि क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरचं खोटं मशीन) चालवता येतो हे धरून चालतोय.

आधी ऑब्जटूल चालू द्या, म्हणजे कर्नलसोबतच येणारं, तयार झालेला मशीन कोड तपासणारं साधन. 2016 मध्ये 4.6 कर्नलबरोबर आलं, बिल्डच्या वेळीच चालतं आणि स्टॅकचा हिशोब फंक्शनमधल्या प्रत्येक वाटेने जाऊन तपासतं. एररच्या वाटेने बाहेर पडताना एक पॉप (पुशने स्टॅकवर ठेवलेलं परत काढणं) राहिला किंवा पॉपचा क्रम चुकला की "रिटर्न विथ मॉडिफाइड स्टॅक फ्रेम" म्हणून ओरडतं, आणि माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा त्याचंच खरं असतं. नेटवर मात्र लगेच उत्तर मिळतं की मेकफाइलमध्ये ती फाइल नॉन-स्टँडर्ड म्हणून टाका (म्हणजे ऑब्जटूल ती तपासत नाही), वॉर्निंग जाते. जाते ना, बग राहतो. सीमधून बोलावता येणारं साधं फंक्शन असेल तर हे अजिबात करू नका.

आरबीएक्स, आरबीपी, आर12 ते आर15 हे सहा रजिस्टर कॉल करणाऱ्याकडून उसने आणलेले, होते तसे परत द्यायचे. पुश न करता आरबीएक्समध्ये काही लिहिलं तर ते ऑब्जटूल पकडत नाही, म्हणून हे कागदावर तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. रेड झोन (आरएसपीच्या, म्हणजे स्टॅकच्या टोकाच्या, खालची राखीव जागा) कर्नलमध्ये नसतो, त्यामुळे आरएसपीच्या खाली काही ठेवलेलं दिसलं की तिथेच थांबा. एक्सएमएम (128 बिटांचे मोठे) रजिस्टर वापरत असाल तर कॉल करणाऱ्याकडे कर्नल-एफपीयू-बिगिन आणि एंडची जोडी आहे का बघा, आणि त्या दोघांच्या मधे झोपायचं नाही, म्हणजे कशाची वाट बघत सीपीयू सोडायचा नाही.

आता खरी गोची. सीमधल्या प्रोटोटाइपमध्ये लांबी यू32 (32 बिटांची अनसाइन्ड संख्या) आहे आणि असेंब्लीत तुम्ही 64 बिटांचं पूर्ण आरएसआय रजिस्टर वापरताय. एबीआय (फंक्शनने एकमेकांना कसं बोलवायचं त्याचे नियम) सांगतो की 32 बिटांचं दुसरं आर्ग्युमेंट ईएसआयमध्ये, म्हणजे आरएसआयच्या खालच्या अर्ध्यात, येईल, पण आरएसआयच्या वरच्या 32 बिटांत काय असेल याची कसलीही हमी नाही. आणि हे वर्षानुवर्षं लपून राहतं, कारण एक्स86-64 वर 32 बिटांच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं की वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो, त्यामुळे नेहमीच्या कॉलमध्ये सगळं गोड चालतं.

माझं असंच झालं. स्टोरेज ड्रायव्हरमधलं चेकसमचं रुटीन, मीच लिहिलेलं, सुरुवातीलाच आरएसआय पॉइंटरमध्ये मिळवून शेवटचा पत्ता काढायचो आणि लूप. सगळ्या टेस्ट हिरव्या. मग टीममधल्या एकाने छोटंसं रॅपर (माझ्या फंक्शनला बोलावणारं फंक्शन) लिहिलं, त्याचं दुसरं आर्ग्युमेंट यू64, वरच्या 32 बिटांत फ्लॅग आणि खालच्या 32 बिटांत लांबी, ते यू32 ला कापून माझ्या फंक्शनला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून पुढे द्यायचं. आता ती संख्या आधीच आरएसआयमध्ये बसलेली, कंपायलर ती कशाला हलवेल, त्याने सरळ एक जंप टाकला, बस. सगळ्यात खालचा फ्लॅग लागला की माझा शेवटचा पत्ता 4 जीबी पुढे! आणि भरपूर रॅमवाला सर्व्हर असल्यामुळे मशीन पडायचंही नाही, इमानदारीत ती सगळी मेमरी वाचत बसायचं आणि चुकीचा चेकसम द्यायचं. दोन आठवडे आम्ही डिस्कला शिव्या घालत होतो.

यावर इलाज दोन. ईएसआय ईएसआयमध्येच मूव्ह करायचा, वरचा भाग साफ होतो (साइन्ड इंट असेल तर चिन्ह जपणारी मूव्हएसएलक्यू). मला हा आवडत नाही, कारण ती ओळ बघणाऱ्याला निरुपयोगी वाटते, आणि आमच्याकडे कोणीतरी साफसफाई म्हणून ती उडवलीसुद्धा. दुसरा म्हणजे प्रोटोटाइपमध्येच लांबी साइझ-टी (इथे 64 बिटांचा टाइप) करा, मग शून्य भरायची जबाबदारी कंपायलरची. शक्य असेल तिथे हेच करा. पहिलाच करावा लागला तर बाजूला दोन ओळींची कमेंट हवीच.

तपासायची माझी पद्धत जरा लबाडीची आहे. टेस्टच्या फाइलमध्ये खरा हेडर घेऊ नका, फंक्शन स्वतःच डिक्लेअर करा आणि लांबीचा टाइप खोटा सांगा, यू64. मग लांबीच्या वरच्या 32 बिटांत मुद्दाम कचरा भरून कॉल करा आणि उत्तर साध्या सीमधल्या फंक्शनशी ताडून बघा. साइझ-टी केलेल्या फंक्शनवर हे चालवू नका, तिथे पूर्ण 64 बिट म्हणजेच लांबी. बाकी प्रत्येक 32 बिटांच्या आर्ग्युमेंटसाठी हे करायचं, "आपल्या कोडमध्ये असं कोणी बोलावत नाही" ही सबब मीही दिली होती.

राहिलं बफरच्या बाहेर वाचणं. कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू केलंय म्हणून निश्चिंत राहू नका, कासानच्या तपासण्या कंपायलर घालतो, तुमच्या असेंब्लीला तो हातही लावत नाही. त्यापेक्षा व्हीमॅलॉकने (कर्नलचं मेमरी देणारं फंक्शन) एक पेज घ्या, त्याच्यापुढे गार्ड पेज (हात लावला की फॉल्ट देणारं पेज) असतंच, आणि डेटा असा ठेवा की शेवटचा बाइट पेजच्या शेवटच्या बाइटवर येईल. 0 पासून 256 पर्यंत सगळ्या लांबी फिरवा, कारण चुका बहुतेक 16 ने भाग न जाणाऱ्या शेपटीतच असतात. ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) आला आणि त्यातल्या पत्त्याचे शेवटचे तीन हेक्स आकडे 000, म्हणजे पेजची सुरुवात, असले, तर कोड हद्द ओलांडतानाच सापडलाय, शेपटीवाला लूप उघडून बसा.