ब्रुत्ती मा बुओनी घरी करताय? मग या चुका टाळा

ब्रुत्ती मा बुओनी म्हणजे हेझलनट, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग एवढ्या तीन गोष्टींची इटालियन कुकी. मैदा नाही, बटर नाही, बेकिंग पावडर नाही. उत्तर इटलीत लोम्बार्दीतलं गाविराते आणि पिएमोन्तेतलं बोर्गोमानेरो ही दोन्ही गावं ती आपलीच म्हणून सांगतात, गाविरातेत तर कोस्तान्तिनो वेनिआनी यांनी १८७८ साली ती पहिल्यांदा केली असं मानतात. दिसायला ही कुकी ओबडधोबडच असते आणि तशीच हवी. पण ट्रेमध्ये पसरून चपटी झाली, खाली साखरेचा पाक सुटला, दाताला चिकटायला लागली, तर मात्र ती बिघडलेली आहे. आणि यातले बहुतेक बिघाड पाण्यामुळे होतात. अंड्याचा पांढरा भाग जवळपास ९० टक्के पाणीच असतो, ते नीट आटवलं तर कुकी जमते.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे पातेल्यातला टप्पा गाळणं. बऱ्याच झटपट रेसिप्यांमध्ये पांढरा भाग आणि साखर फेटून, त्यात नट्स घालून सरळ ओव्हनमध्ये टाकतात, तेही खायला बरं लागतं पण ते साधं नट मेरांग झालं, म्हणजे फेटलेल्या पांढऱ्या भागाचा आणि साखरेचा भाजलेला फेस. पारंपरिक पद्धतीत हेच फेटलेलं, नट्स घातलेलं मिश्रण आधी गॅसवर शिजवतात आणि मग भाजतात. जाड बुडाचं पातेलं घ्या, आच अगदी मंद, आणि लाकडी चमच्याने तळापासून सतत हलवत राहा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तो सगळा सुंदर फेस खाली बसतो, मिश्रण सैल आणि चिकट होतं आणि इथेच लोक घाबरून गॅस बंद करतात किंवा सगळं फेकून देतात. नका फेकू! फेस बसणारच आहे. हलवत राहिलात की वाफ निघत जाते, पांढरा रंग फिकट बदामी होतो, आणि साधारण १०-१५ मिनिटांनी नारळाच्या वडीसारखं मिश्रण कडा सोडायला लागतं. चमचा तळावरून ओढला की मागे रेघ राहिली पाहिजे, लगेच भरून आली तर अजून थांबा. उलट फार वेळ ठेवलंत तर नट्सचं तेल सुटतं आणि मिश्रण भुगा व्हायला लागतं, म्हणून शेवटची दोन मिनिटं लक्ष दुसरीकडे नको, फोन वाजला तर वाजू दे.

प्रमाण अंडी मोजून धरू नका, वजन करा. १०० ग्रॅम पांढरा भाग, २०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम हेझलनट हे सोपं प्रमाण आहे. इटालियन रेसिपीत तीन अंडी लिहिलेली असतात पण आपल्याकडची बरीच अंडी तिथल्यापेक्षा लहान असतात, मग सगळं गणित चुकतं.

आता नट्स. कच्चे हेझलनट घालू नका, चव येतच नाही. १६० डिग्रीवर १२-१५ मिनिटं खमंग भाजा, गरम असतानाच स्वच्छ फडक्यात गुंडाळून चोळा म्हणजे सालं निघतात. थोडी राहिली तरी चालतील. मग मात्र पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम नट्स मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून लगदा होतो. अर्धे सुरीने जाडसर चिरा आणि अर्धे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवून रवाळ करा, सगळी पूड केलीत तर खाताना काहीच लागत नाही. पिएमोन्तेत लांगे भागातले गोल, गोडसर हेझलनट वापरतात, आपल्याला ते मिळतीलच असं नाही, पण निदान पाकीट फोडल्यावर एक चावून बघा. महागडे असतात आणि पडून राहिले की खवट होतात, आणि ती खवट चव साखरेने झाकली जात नाही.

हेझलनट परवडत नसतील तर बदाम घ्या, तोस्कानातल्या प्रातोमध्ये अशाच कुकीज बदामाच्या करतात. काजूही चालतात, तमिळनाडूत थुतुकुडीचे प्रसिद्ध मॅकरून काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचेच तर असतात. काजू मऊ असतो, लवकर करपतो, म्हणून कमी भाजा. आणि गोव्याकडे घरात बिबिंक (थरांचा गोड पदार्थ) होत असेल तर पिवळे बलक तिकडे जातात आणि पांढरा भाग उरतोच, त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

फेटताना नेहमीची काळजी. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, कोरडं, तेलाचा अंशही नको, प्लास्टिक तर नकोच कारण त्याला ओशटपणा चिकटून राहतो. पिवळा बलक थेंबभर पडला तरी फेस नीट येत नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. आपली जाड दाण्याची साखर तशीच घालू नका, घरीच बारीक दळा आणि चमचा-चमचा घाला.

भाजताना घाई नको. १४० डिग्री, ३०-३५ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, त्यामुळे वरून लाल आणि आतून ओलं असं होतं, तेव्हा फक्त खालची कॉइल लावा आणि शक्य असेल तर आत एक ओव्हन थर्मामीटर ठेवाच, डायलवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. ट्रेवर चांगला बेकिंग पेपर हवा, साध्या पातळ बटर पेपरला खालची बाजू चिकटून बसते. गरम असताना कुकी दाबून बघितली तर मऊच लागणार, म्हणून अजून दहा मिनिटं वाढवू नका, गार झाली की कडक होते. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि आतच गार होऊ द्या.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात या कुकीज तासाभरात सादळतात, साखर हवेतलं पाणी ओढते. पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, फ्रिजमध्ये ठेवू नका. सादळल्याच तर १२० डिग्रीवर दहा मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत होतात.